अधिकचं चिन्ह

ऑफिसात सगळे त्यांना आचार्य म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर'. आचार्यांची एक ठाम समजूत होती: सॉफ्टवेअर कधी चुकत नाही, वापरणारा माणूस चुकतो. ही समजूत ते इतक्या वेळा, इतक्या शांतपणे आणि इतकं नाकाने कांदे सोलत सांगत, की नव्याने लागलेल्या माणसांना ती खरीच वाटे. जुन्यांपैकी एकीला मात्र ती कधीच वाटली नव्हती. तिच्या जिभेमुळे ऑफिसने तिचं नाव कात्री ठेवलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

रक्तदात्यांची एक संस्था होती. कुणाला रक्त लागलं की दवाखाना संस्थेला कळवायचा, आणि संस्थेतल्या फोनवरच्या बाया त्या गटाच्या दात्यांना फोन लावून बोलवायच्या. पूर्वी हे सगळं खोक्यातल्या कार्डांवर चालायचं. ते संगणकावर आणण्याचं काम आचार्यांच्या कंपनीला मिळालं आणि आचार्यांनी ते स्वतःच्या हातांनी केलं. सांगायचेही तसंच: "हे मी स्वतः लिहिलंय."

पडद्यावर वरती एक चौकट. तिच्यात काहीही लिहा, नाव, पत्ता, रक्तगट, आणि खाली जुळणारे दाते दिसणार. इतकं साधं काम. पण साधं काम केलं तर ते आचार्य कसले? त्या चौकटीत लिहिलेली अक्षरं त्यांनी सरळ अक्षरं म्हणून शोधली नाहीत. ती त्यांनी रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून शोधली. प्रोग्रामर लोकांची ही एक सांकेतिक भाषा असते. तिच्यात टिंब म्हणजे टिंब नसतं, 'कुठलंही एक अक्षर' असतं. प्रश्नचिन्ह म्हणजे 'मागचं अक्षर असलं तर असलं, नसलं तर नसलं'. आणि अधिकचं चिन्ह म्हणजे 'मागचं अक्षर एकदा किंवा कितीही वेळा'.

"यूजरच्या हातात केवढी ताकद दिलीय बघा," आचार्य मीटिंगमध्ये म्हणाले होते.

ज्या यूजरच्या हातात ही ताकद दिली होती, त्या बाया दिवसभर कानाला फोन लावून 'ताई, येता का हो' एवढंच म्हणत असत. त्यांना ताकद नको होती. त्यांना 'ओ+' लिहिल्यावर ओ पॉझिटिव्हचे दाते हवे होते. आता त्या सांकेतिक भाषेत 'ओ+' म्हणजे नुसता ओ, एकदा किंवा कितीही वेळा. त्याच्यापुढे गटाचं चिन्ह अधिक असो की वजा. म्हणजे ओ पॉझिटिव्हबरोबर ओ निगेटिव्हचेही सगळे दाते यादीत येऊन बसत. 'ए+' लिहिलं की ए निगेटिव्ह येत आणि दोन्ही एबीही येत.

हे पहिल्या दिवशी कुणाच्याही डोळ्यांत भरलं असतं. पण आचार्यांनी यादीतला रक्तगटाचा रकानाच काढून टाकला होता. "गट तुम्ही वर लिहिलाय ना? मग तोच खाली परत कशाला? पडदा कसा स्वच्छ हवा." पडदा स्वच्छ झाला. खाली फक्त नावं आणि फोन नंबर, अकारविल्हे.

संस्थेचं काम एक निवृत्त परिचारिका बघायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांनी दोन-तीनदा फोन करून सांगितलं, की दवाखान्यातून विचारणा होतेय, पॉझिटिव्ह मागितलं की निगेटिव्हचे लोक का पाठवता?

"तुमच्या दात्यांनी फॉर्म चुकीचे भरलेत," आचार्य म्हणाले.

"इतक्या सगळ्यांनी?"

"सिस्टर, लोकांना स्वतःचा चष्म्याचा नंबर माहीत नसतो. रक्तगट कुठून माहीत असणार?" त्यांनी फोन ठेवला आणि सगळ्यांकडे बघून खांदे उडवले. आणखी एकदा सिस्टरचा फोन आला तो वेगळ्याच कारणाने. एका बाईने पत्त्यात 'नवी वस्ती (पूर्व' एवढं लिहिलं, शेवटचा कंस लावायची राहिली, आणि अख्खा पडदा पांढरा पडला. त्यावर आचार्यांनी उपाय म्हणून संस्थेला एक सूचना पाठवली: 'चौकटीत विचित्र चिन्हे टाइप करू नयेत.' बायांनी ती छापून भिंतीला चिकटवली.

कात्री हे सगळं शेजारच्या टेबलावरून ऐकत होती आणि करमणूक करून घेत होती. ते काम तिचं नव्हतं, आणि आचार्य आपटले तर उठवायला जायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिची नणंद सोफ्यावर पाय पसरून, कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी लावून बसली होती. नणंद पोहायला शिकवायची. आवाज असा, की तलावाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाचा माणूस हात मारायला लागेल. गट ओ निगेटिव्ह, आणि त्याचा तिला अभिमान होता. नवऱ्याच्या खानदानात कुणी काही कमावलं नाही, हिने निदान रक्त तरी दुर्मीळ आणलंय, असं कात्री म्हणायची.

"पुन्हा देऊन आलीस? या वर्षात कितव्यांदा?"

"तीन महिने झाले की फोन येतोच. जरा उसंत नाही," नणंद म्हणाली. "पण वहिनी, आज मजा झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंट ओ पॉझिटिव्ह आहे, तुमचं चालेल त्याला, पण तुम्हाला का बोलावलं? तुमच्यासारख्यांचं राखून ठेवायचं असतं. म्हटलं, मला काय माहीत? बोलावलं, आले."

कात्रीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नाही. ती तशीच उभी राहिली.

"त्यांनी संगणकावर शोधलं होतं का?"

"आता सगळं संगणकावरच ना. तुमच्याच ऑफिसने करून दिलंय म्हणे. का गं?"

"काही नाही," कात्री म्हणाली. पण तिला एका क्षणात सगळं दिसलं: चौकट, अधिकचं चिन्ह, स्वच्छ पडदा. आचार्यांची फजिती बघताना जे तिला विनोदी वाटत होतं, ते आता समोर सोफ्यावर पट्टी लावून बसलं होतं, आणि पुढचे तीन महिने त्याला रक्त देता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आचार्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून त्यांच्याच पडद्यावर 'ओ+' लिहायला लावलं आणि आलेल्या यादीतल्या लोकांचे गट मुळातून काढून दाखवले. पहिल्या पानावरच निगेटिव्हवाले चौघे निघाले. त्यांतली एक तिची नणंद.

आचार्यांनी यादी वरून खाली वाचली. मग म्हणाले, "टेक्निकली हे बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"अधिकचा अर्थच तो आहे. एकदा किंवा अधिक वेळा. नुसतं अधिकचं चिन्ह हवं असेल तर यूजरने आधी उलटी तिरकी रेघ द्यायला हवी. हे कुठल्याही पुस्तकात आहे."

"सर, त्या बायांनी कुठलं पुस्तक वाचायचं? रक्त मागवायच्या आधी की नंतर?"

"तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता," आचार्य म्हणाले. "मी बघतो."

आचार्यांनी बघितलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत त्यांनी दुरुस्ती करून संस्थेकडे पाठवलीसुद्धा, आणि कात्रीला दाखवायची तसदी घेतली नाही. दुरुस्ती अशी होती, की चौकटीत लिहिलेली सगळी विचित्र चिन्हं शोधण्याआधी पुसून टाकायची. कंस गेले, टिंब गेलं, प्रश्नचिन्ह गेलं, अधिक गेलं, आणि हात लागलाच आहे तर वजाही गेलं. पडदा आता पांढरा पडत नव्हता. 'ओ+' लिहिलं की नुसता 'ओ' उरायचा. आणि 'ओ-' लिहिलं, जे इतके दिवस बिनचूक चालत होतं, तरी आता नुसता 'ओ' उरायचा.

याला म्हणतात दुरुस्ती.

त्याच आठवड्यात एका दुपारी सिस्टरचा फोन आला. आचार्य दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून तो कात्रीने घेतला.

"बाळंतीण आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, राग होता. "रक्तस्राव थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह हवंय. माझ्या बाया तासभर फोन करतायत. तीन माणसं पोचली दवाखान्यात, तिघंही पॉझिटिव्ह निघाली. तिला ते चालत नाही. तुमचं यंत्र काय करतंय? आणि 'फॉर्म चुकीचे भरलेत' हे वाक्य पुन्हा उच्चारलंत, तर मी तिथे येईन."

"नाही म्हणणार," कात्री म्हणाली. "फोन चालू ठेवा."

तिने चौकटीच्या वाटेला न जाता मूळ माहितीलाच हात घातला. गट ओ निगेटिव्ह, आणि शेवटचं रक्तदान कधी. शहरभरातले ओ निगेटिव्ह दाते मुळात होतेच मूठभर. पडद्यावर तारखा उमटल्या. जवळजवळ सगळ्यांचं रक्त अलीकडेच घेऊन झालं होतं. ज्यांना ते खरं तर लागतच नव्हतं, अशा पॉझिटिव्ह पेशंटांसाठी. फोनवरच्या बाया यादी वरून खाली वाचत जायच्या, त्यामुळे वरची अक्षरं पिळून निघाली होती. अगदी तळाशी, 'ह'ने सुरू होणाऱ्या आडनावाचा एकच माणूस शिल्लक होता. नाव नोंदवल्यापासून त्याला एकदाही बोलावलेलं नव्हतं. व्यवसाय: क्रेनचालक.

नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कामाच्या ठिकाणचा पत्ता होता: तलावाच्या मागे चाललेलं मोठं बांधकाम.

कात्रीने नणंदेला फोन लावला. "तुझ्या तलावामागे ती उंच क्रेन आहे ना? तिच्यात जो बसलाय, त्याला खाली उतरव. ओ निगेटिव्ह आहे. फोन उचलत नाहीये."

"मी? कशी उतरवू?"

"तुला ओरडता येतं की नाही?"

नणंद शिट्टी गळ्यात तशीच लटकत ठेवून, ओल्या केसांनी बांधकामावर गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं तर त्याच्या अंगावर ओरडली, मुकादम आला तर त्याच्यावर ओरडली, आणि मग मान वर करून आभाळातल्या त्या काचेच्या खोक्याकडे बघत शिट्टी फुंकली. सगळं बांधकाम थबकलं. शेवटी मुकादमाने वायरलेसवरून सांगितलं, आणि क्रेनवाला शिडीवरून उतरायला लागला. सावकाश, एकेक पायरी. नणंद खालून ओरडत होती, "दादा, हात भरभर! हात!" पोहायला शिकवायची सवय, दुसरं काय.

उतरला तो बुटका, अबोल माणूस. वर फोन घ्यायचा नाही असा नियमच होता. काय झालं ते ऐकल्यावर त्याने हेल्मेट काढून मुकादमाच्या हातात दिलं.

"नाव दिल्यापासून एकदाही बोलावलं नाही," नणंदेच्या स्कूटरवर मागे बसल्यावर तो म्हणाला. "मला वाटलं, माझं रक्त काही कामाचं नसेल."

दवाखान्याने शिल्लक असलेल्या शेवटच्या पिशवीवर बाळंतिणीला तगवून धरलं होतं. क्रेनवाल्याच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि ते तिला चढवलं. पाठोपाठ शेजारच्या शहरातून दोन पिशव्या आल्या. संध्याकाळी सिस्टरचा फोन आला: रक्तस्राव थांबलाय, आई आहे, मूलही आहे. एवढं सांगून त्यांनी ठेवून दिला. आभार वगैरे मानले नाहीत, आणि कात्रीनेही त्यांची अपेक्षा केली नाही.

मग कात्रीने आचार्यांचं ते काम आपल्याकडे ओढून घेतलं. कुणाला विचारलं नाही. माणसाने लिहिलेलं काहीही या सांकेतिक भाषेला देण्याआधी, त्यातल्या प्रत्येक खास चिन्हाचा खास अर्थ काढून घ्यायचा असतो, म्हणजे अधिक हा नुसता अधिक राहतो आणि कंस नुसता कंस. चिन्ह पुसायचं नसतं, निःशस्त्र करायचं असतं. त्यासाठी तयार फंक्शन मिळतं. एक ओळ लागते. तिने ती ओळ लिहिली, 'ओ+' शोधून पाहिलं, 'ओ-' शोधून पाहिलं, दोन्ही चोख आले.

त्या ओळीला तिला दोन मिनिटं लागली. त्यानंतर ऑफिसातल्या सगळ्यांना ईमेल लिहायला मात्र तास गेला. 'ज्यांना एक ओळ लिहायला जमली नाही त्यांच्या माहितीसाठी' अशी त्याची सुरुवात होती. वाक्यं ती घासूनपुसून, उलटसुलट करून लिहीत होती. रक्तगटाचा रकाना पडद्यावर परत आणायचा आहे हे तिला माहीत होतं. पण ईमेल इतका रंगला, की ते राहूनच गेलं.

ईमेल आचार्यांनी वाचला. ऑफिसात दबक्या आवाजात हसणं झालं, लोकांनी तिच्या टेबलाशी येऊन शाबासकी दिली. घरी तिने तो नणंदेला मोठ्याने वाचून दाखवला.

"छान आहे," नणंद म्हणाली. "पण वहिनी, तुला हे आधी दिसलं नव्हतं? तू त्यांच्या शेजारीच बसतेस ना?"

"ते काम माझं नव्हतं."

"हं," नणंद म्हणाली आणि केस पुसत आत गेली.

काही दिवसांनी एक जाडजूड, घामेघूम गृहस्थ ऑफिसात शिरला. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. ते बंद करून, शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून तो दवाखान्यात गेला होता, आणि तिथे त्याला हात हलवत परत पाठवलं होतं. संस्थेत जाऊन भांडला, तर सिस्टरने त्याला थेट इथला पत्ता दिला.

"पेशंटला बी पॉझिटिव्ह हवं होतं," तो म्हणाला. "माझं एबी पॉझिटिव्ह. कार्डावर लिहिलंय, फॉर्मवर लिहिलंय, विचाराल तर पाठीवर गोंदवून घेतो! मला का बोलावलं?"

कात्री तोंड उघडणार, तेवढ्यात आचार्य आपल्या खुर्चीतून उठले. इतक्या हौसेने उठलेले ते कित्येक दिवसांत कुणी पाहिले नव्हते. त्यांनी कात्रीच्या पडद्यावर वाकून एका बोटाने 'बी+' टाइप केलं.

"आता अधिक म्हणजे अधिकच आहे ना?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "छान. आणि 'एबी+' या अक्षरांमध्ये 'बी+' ही अक्षरं आहेत की नाहीत?"

होती. सरळ होती. चौकटीतली अक्षरं कुठेही सापडली की तो दाता यादीत यायचा, आणि 'एबी'च्या पोटात 'बी' ठाण मांडून बसलेला होता. तिने 'ओ' तपासला होता, कारण भानगड 'ओ'ची झाली होती. 'बी' तपासायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. रकाना असता तर फोनवरच्या बाईला गट समोर दिसला असता. रकाना नव्हता, कारण ती ईमेल लिहीत होती.

"एक ओळ," आचार्य म्हणाले. "एका ओळीचं काम."

आठवड्यापूर्वी तिच्या टेबलाशी येऊन हसलेली माणसं आता आपापल्या पडद्यांत तोंड खुपसून बसली होती, आणि तिला खातरी होती की तीही हसतच आहेत. कान तापले. जिभेवर दोन-तीन धारदार वाक्यं येऊन बसली. ती तिने गिळली. किल्लीवाला अजून समोर उभा होता, घाम पुसत.

"चूक माझी आहे," ती त्याला म्हणाली. "त्यांची आधीची होती. ही माझी."

"कुणाची का असेना," किल्लीवाला म्हणाला. "माझा अर्धा दिवस गेला." आणि दोघांकडे सारख्याच तिरस्काराने बघून तो निघून गेला.

त्या दुपारी कात्री उठून संस्थेत गेली. फोनची खोली पहिल्यांदाच बघत होती. लांबट टेबल, ओळीने बाया, भिंतीवर ती छापील सूचना. तिने सिस्टरना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं असतं?

सिस्टरनी चष्मा काढला. "आता विचारताय? गट आठ आहेत. रोजच्या कामात आठच. ते लिहायला का लावता? आठ बटणं द्या, दाबू आम्ही. नाव आणि पत्ता लिहू चौकटीत. आणि कोण कधी देऊन गेलंय, ते शेजारी दिसू दे."

"हे तुम्ही सरांना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, बटणं म्हणजे बालिशपणा. मग तुम्ही आलात. तुम्ही तर विचारलंच नाहीत." सिस्टर चष्मा परत लावत म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसात हुशार माणसं फार दिसतात."

कात्री तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसली. आठ बटणं केली. बटण दाबलं की नेमका तोच गट, त्याच्या पोटातला दुसरा नाही. रकाना परत आणला. तीन महिने न झालेल्यांची नावं फिकट केली. चौकट ठेवली, पण तिच्यात लिहिलेली चिन्हं आता फक्त चिन्हं होती. मग तिने स्वतःच कंस टाकले, अर्धवट टाकले, प्रश्नचिन्हं टाकली, टिंबांची रांग टाकली, चांदण्या टाकल्या. काहीच कोलमडलं नाही. या वेळी ईमेल कुणाला पाठवला नाही. पाठवावासा वाटला नाही असं नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेवटच्या खुर्चीवरच्या बाईला एक पत्ता शोधायचा होता. तिने 'गोदामामागे (पिवळं दार' एवढं लिहिलं आणि शेवटचा कंस लावायच्या आत तिचा दुसरा फोन वाजला. पडद्यावर एक नाव आलं. तिने ते वाचलं, पलीकडच्या माणसाला 'दादा, येता का हो' म्हणाली, आणि पुढच्या नंबराकडे वळली. कात्री तिच्याकडे बघत होती. बाईने मान वळवून विचारलं, "काय हो, काही हवंय का? नसेल तर जरा सरकून बसा, वायर अडकतेय."

कात्री सरकून बसली.